सुगंधी नदीकाठची बुद्धमंदिरे

श्रोतेहो, व्हिएतनामचे नाव काढले की आपल्या पिढीला आधी युद्ध आठवते. बॉम्ब, जळणारी खेडी, अमेरिकेतले मोर्चे. त्या देशाच्या मध्यभागी ह्वे नावाचे एक जुने शहर आहे. इंग्रजी स्पेलिंगमुळे आपल्याकडची वर्तमानपत्रे त्याला ‘ह्यू’ म्हणत आली. १८०२ ते १९४५ एवढा काळ ते न्विएन घराण्याची राजधानी होते. गावातून हुआंग नदी वाहते. हुआंग म्हणजे सुगंध. या नदीच्या दोन्ही काठांना आणि मागच्या टेकड्यांवर बुद्धाची मंदिरे आहेत. तिकडे मंदिराला ‘चुआ’ म्हणतात. आपण पॅगोडा म्हटले की मनोरा डोळ्यांपुढे आणतो. चुआ म्हणजे मात्र मूर्ती, अंगण, भिक्षूंच्या खोल्या, भाजीचा मळा असा सगळा संसार. आज त्यांतल्या चार मंदिरांविषयी बोलायचे आहे. राजाने मंदिर बांधले तर त्या मंदिरातला आवाज राजाचा की लोकांचा, हा प्रश्न या गावाने चारशे वर्षे सोसला आहे.

पहिले मंदिर थिएन मु. याचा अर्थ स्वर्गातली म्हातारी. कथा अशी सांगतात, की लाल वस्त्रातली एक वृद्धा या टेकडीवर दिसली आणि म्हणाली, खरा धनी येईल, इथे मंदिर बांधील आणि देशाची भरभराट होईल. १५५८ साली उत्तरेकडून या प्रांतात आलेल्या न्विएन होआंग या सरदाराच्या कानी ती कथा गेली आणि १६०१ साली त्याने मंदिर उभारले. नव्या मुलखात पाय रोवणाऱ्या माणसाला अशी भविष्यवाणी किती सोयीची, हे वेगळे सांगायला नको.

पण त्या म्हातारीची ओळख जरा खोलात जाऊन करून घेतली पाहिजे. हा मुलूख मुळात व्हिएतनामी लोकांचा नव्हता, चाम लोकांचा होता. त्यांच्या चंपा राज्यात शिवाची देवळे होती, संस्कृत शिलालेख कोरले जात. १३०६ साली चंपाच्या राजाने व्हिएतनामी राजकन्येशी लग्न केले आणि त्याबदल्यात दोन प्रांत दिले. आजचे ह्वे त्याच मुलखात आहे. चाम लोकांची पो नगर नावाची मोठी देवी होती. व्हिएतनामी लोकांनी तिला थिएन या ना म्हणून आपलेसे केले. ह्वेजवळच नदीकाठी होन चेन इथे आजही तिची पूजा होते. टेकडीवरची म्हातारी हीच देवी असावी, असे अनेक अभ्यासकांना वाटते. राज्य गेले, माणसे दक्षिणेकडे सरकली, त्यांच्यात पुढे काही हिंदू राहिले, काही मुसलमान झाले. देवी मात्र जागा सोडून गेली नाही. नव्या लोकांनी तिच्याच तोंडून आपल्या राज्याला आशीर्वाद घेतला आणि शेजारी बुद्ध बसवला. आपल्याकडे लेण्याच्या तोंडाशी एकवीरा आई असते, तिथल्या माणसांना हे समजायला अवघड जाऊ नये.

पुढे न्विएन फुक चू या राजाने चीनहून आलेल्या दाशान नावाच्या भिक्षूकडून १६९५ साली बौद्ध व्रते घेतली. त्याने १७१० साली थिएन मुसाठी दोन हजार किलोंहून जड घंटा ओतवली आणि १७१५ साली दगडी कासवाच्या पाठीवर शिलालेख उभा केला. १८४४ साली थिएउ त्री या सम्राटाने समोर सात मजली अष्टकोनी मनोरा बांधला, सुमारे २१ मीटर उंच. सात मजले सात बुद्धांचे. हे सात बुद्ध आपल्याला परके नाहीत. अजिंठ्याच्या १७ व्या लेण्याच्या दारावर ते मैत्रेयासह ओळीने बसलेले आहेत. १९०४ च्या वादळात मंदिराची मोठी पडझड झाली आणि १९०७ साली ते पुन्हा उभे राहिले.

याच थिएउ त्रीने १८४४ साली आपल्या जन्मस्थानी ‘झिएउ दे’ हे दुसरे राजमंदिर बांधले. म्हणजे ही दोन मंदिरे राजाची. राजा देत होता आणि लक्षही ठेवत होता. त्याचे वडील सम्राट मिन मांग यांच्या काळात भिक्षूंची परीक्षा घेऊन त्यांना सरकारी दाखले दिले जात. त्याच मिन मांग यांनी ख्रिस्ती धर्मावर बंदी घातली आणि १८३५ साली मार्शां नावाच्या फ्रेंच धर्मगुरूला ह्वेमध्येच हालहाल करून मारले. हे विसरून पुढचा इतिहास सांगितला तर तो अर्धाच होईल.

तिसरे मंदिर तू हिएउ. याची गोष्ट राजवाड्यातून सुरू होत नाही. १८४३ साली न्हात दिन्ह नावाच्या भिक्षूने गावाबाहेर पाइनच्या रानात एक झोपडी बांधली आणि म्हाताऱ्या आईला तिथे आणले. आई आजारी पडली, तेव्हा लोकनिंदेची पर्वा न करता हा शाकाहारी भिक्षू बाजारातून तिच्यासाठी मासे घेऊन येई, असे सांगतात. सम्राट तू दुक यांच्या कानी ही गोष्ट गेली आणि त्यांनी मंदिराला ‘तू हिएउ’ असे नाव दिले. माया आणि मातृपितृभक्ती, असा त्याचा अर्थ. १८४८ साली मंदिर मोठे करायला पैसा आला तो राजवाड्यातल्या खोजांकडून. या माणसांना मूलबाळ नाही. मेल्यावर आपले श्राद्ध कोण घालणार, ही त्यांची काळजी. आईची सेवा करणाऱ्या मुलाच्या मंदिरात त्यांनी आपल्या कबरींसाठी जागा मिळवली. त्या कबरी आजही तिथे आहेत. १९४२ साली इथेच १६ वर्षांच्या एका मुलाने दीक्षा घेतली. पुढे जगाने त्याला थिक न्यात हान्ह म्हणून ओळखले. भिक्षूंच्या नावाआधीचे हे ‘थिक’ म्हणजे आपल्या ‘शाक्य’ शब्दाचे तिकडचे रूप.

चौथे मंदिर तू दाम, सतराव्या शतकाच्या अखेरीचे. विसाव्या शतकात फ्रेंच अमलाखाली बौद्ध धर्माला मरगळ आली, तेव्हा १९३२ साली ह्वेमध्ये ले दिन्ह थाम या डॉक्टरांच्या पुढाकाराने एक अभ्यासमंडळ निघाले. पुढे तू दाम हे त्याचे केंद्र झाले. १९५१ साली देशभरच्या बौद्धांची परिषद इथेच भरली. त्याच्या आदल्याच वर्षी कोलंबोला जागतिक बौद्ध परिषद झाली होती. तिला व्हिएतनामहून भिक्षू तो लिएन गेले होते आणि आपल्याकडून डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्या परिषदेने मान्य केलेला रंगीत पट्ट्यांचा ध्वज तो लिएन यांच्याबरोबर व्हिएतनामला पोचला. नागपूरच्या दीक्षाभूमीवर आणि आपल्या प्रत्येक बुद्धविहारावर फडकतो, तोच हा ध्वज.

या ध्वजावरूनच १९६३ साली ह्वेमध्ये रक्त सांडले. दक्षिण व्हिएतनामचे अध्यक्ष न्गो दिन्ह झिएम हे कॅथलिक. त्यांचे बंधू न्गो दिन्ह थुक ह्वेचे आर्चबिशप. थुक यांच्या बिशपपदाला २५ वर्षे झाली म्हणून गावात पोपचे ध्वज लागले, त्याला कुणी हरकत घेतली नाही. काहीच दिवसांनी बुद्धजयंती आली आणि बौद्ध ध्वज लावायला मनाई झाली. शिवाय १९५० च्या एका हुकुमानुसार बौद्ध संस्थांना क्लबासारखे ‘मंडळ’ मानले जाई. कॅथलिक चर्चला तो हुकूम लागू नव्हता.

८ मे १९६३. सकाळी तू दाममध्ये थिक त्री क्वांग यांनी भाषण केले. ते संध्याकाळी रेडिओवरून ऐकवायचे होते. केंद्राने ते प्रक्षेपित करायला नकार दिला. हजारो माणसे रेडिओ केंद्राबाहेर जमली. त्यांची मागणी एवढीच, की आमचे भाषण ऐकवा. सैन्य आले, स्फोट झाले, गोळ्या सुटल्या. नऊ जण गेले, त्यांत मुलेही होती. श्रोतेहो, आकाशवाणीच्या या शांत खोलीत बसून ही हकिकत सांगताना समोरच्या माइककडे वेगळ्या नजरेने पाहावे लागते.

पुढचे सगळ्यांना ठाऊक आहे. ११ जूनला सायगावच्या चौकात थिक क्वांग दुक यांनी स्वतःला जाळून घेतले. ते छायाचित्र जगभर गेले. त्यांना चौकात घेऊन आलेली निळी ऑस्टिन मोटार आज थिएन मुच्या आवारात ठेवलेली आहे. १६ ऑगस्टला तू दाममध्ये वृद्ध भिक्षू थिक तिएउ झिएउ यांनी तोच मार्ग पत्करला. २१ ऑगस्टच्या पहाटे सैन्य मंदिरांत घुसले. राजाने बांधलेल्या त्या झिएउ दे मंदिराच्या पुलावर साध्या लोकांनी कित्येक तास सैन्याला अडवून धरले. २ नोव्हेंबरला झिएम यांचा लष्करी बंडात खून झाला.

पण सरकार बदलले म्हणून प्रश्न मिटला नाही. १९६६ साली लष्करी सरकारविरुद्ध ह्वे पुन्हा उठले आणि पुन्हा दडपले गेले. १९६८ च्या लढाईत शहर उद्ध्वस्त झाले. १९७५ नंतर साम्यवादी सरकारने १९८१ साली एकच अधिकृत बौद्ध संघ मान्य केला. जुन्या स्वतंत्र संघाला जागा उरली नाही. १९९३ साली थिएन मुच्या प्रमुख भिक्षूंना अटक झाली आणि लोक रस्त्यावर आले. त्याच वर्षी युनेस्कोने ह्वेच्या वास्तूंना जागतिक वारशाचा दर्जा दिला.

मिन मांग यांच्या काळात ख्रिस्ती मेले, झिएम यांच्या काळात बौद्ध. सत्तेवरच्या माणसाचा धर्म बदलला, तराजूतली खोट तीच राहिली. म्हणून या इतिहासाचा दोष कुठल्या धर्माच्या माथी मारता येत नाही. एकाचा ध्वज चालतो आणि दुसऱ्याचा चालत नाही, असे राज्य म्हणू लागले की तिथून पुढचा रस्ता कुठे जातो, हे ह्वेने पाहिले आहे.

थिक त्री क्वांग २०१९ च्या नोव्हेंबरात तू दाममध्येच वारले. थिक न्यात हान्ह अनेक दशके देशाबाहेर राहिले आणि २०१८ साली तू हिएउला परतले; २२ जानेवारी २०२२ रोजी तिथेच त्यांनी देह ठेवला. एकाने गाव हलवले, दुसऱ्याने जगाला शांत बसायला शिकवले. दोघांनाही शेवटी विसावा मिळाला तो याच नदीकाठच्या मंदिरांत.