जव्हार-मोखाड्यातील मॅट्रिकची वाट

जव्हार गावाबाहेर शिरपामाळ म्हणून जी मोकळी सपाट जागा आहे, तेथे 1664 च्या आरंभी सुरतेच्या स्वारीवर निघालेल्या शिवाजी महाराजांचा मुक्काम पडला आणि जव्हारचे राजे विक्रमशाह यांनी त्यांना मानाचा शिरपेच अर्पण करून त्यांचे स्वागत केले, अशी या मुलखाची परंपरा सांगते. पुढे आठ वर्षांनी, 1672 मध्ये, मोरोपंत पिंगळ्यांनी हेच जव्हार जिंकून स्वराज्यात घेतले. माळावर आज स्मारक उभे आहे, आणि सत्कार व स्वारी या दोन्ही गोष्टी इतिहासाच्या अभ्यासकांना ठाऊक आहेत. परंतु याच माळाच्या आसमंतातील पाड्यांवरून मुले शाळेत कधी गेली, मॅट्रिकची परीक्षा त्यांच्या घरापर्यंत कशी पोहोचली आणि पोहोचताना तिने त्यांच्याकडून काय काय मागितले, हा इतिहास मात्र बखरींत नाही आणि सनदांतही नाही. तो शाळांच्या जुन्या दफ्तरांत पडून आहे, आणि आज दहावीला बसणाऱ्या प्रत्येक मुलाच्या घराशी त्याचा फार निकटचा संबंध आहे.

जव्हारचे संस्थान पुरातन. मुकणे घराण्याच्या नेमशाहास दिल्लीच्या सुलतानाने 1343 मध्ये राजा म्हणून मान्यता दिली, येथपासून त्याची कालगणना धरली जात असे. इंग्रजी अमदानीत त्याचा विस्तार अवघा 310 चौरस मैल उरला होता आणि 1901 च्या शिरगणतीत तेथील रयत 47,538 भरली होती. ही रयत बहुतांशी महादेव कोळी, वारली, कोकणा, ठाकूर व कातकरी यांची; जमीन डोंगरउतारावरची; पिके भात, नागली आणि वरई. शेवटचे राजे यशवंतराव मुकणे यांच्या कारकिर्दीत संस्थानाने मोफत प्राथमिक शाळा चालविल्या, राजधानीत एक मिडल स्कूल आणि ग्रंथालय ठेवले, आणि एवढ्या तुटपुंज्या जमाबंदीच्या संस्थानाच्या मानाने हे काम थोडके नव्हे. शेजारचा मोखाडा मात्र खालसा मुलखात, शहापूर तालुक्याचा पेटा म्हणून, ठाण्याच्या कलेक्टराच्या अमलाखाली होता. त्यामुळे एकाच जंगलातील, एकच बोली बोलणाऱ्या दोन पाड्यांपैकी एकाचा शाळामास्तर दरबाराचा, तर दुसऱ्याचा इंग्रज सरकारच्या शाळाखात्याचा, अशी स्थिती होती. मिडल स्कूलच्या पुढे शिकावयाचे म्हणजे मुलखाबाहेर जाऊन राहावयाचे, आणि जो घर सोडून राहू शकत नाही त्याने मॅट्रिकचा विचार करू नये, असा याचा व्यवहारातील अर्थ होता.

मॅट्रिकची परीक्षाच मुळी या डोंगरांसाठी निर्माण झालेली नव्हती. मुंबई विद्यापीठाची स्थापना 1857 मध्ये झाली आणि 1859 मध्ये पहिली प्रवेशपरीक्षा घेण्यात आली. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर ही नावे त्या पहिल्या उत्तीर्णांच्या यादीत आहेत. परीक्षेची भाषा इंग्रजी, आणि केंद्रे इतकी थोडी की मोहनदास गांधी 1887 मध्ये मॅट्रिकला बसले तेव्हा मुंबई आणि अहमदाबाद अशी दोनच ठिकाणे होती, आणि काठेवाडातील गरीब विद्यार्थी प्रवासाचा खर्च वाचावा म्हणून जवळचे अहमदाबाद पसंत करीत, असे त्यांनी आपल्या आत्मचरित्रात नमूद केले आहे. राजकोटच्या दिवाणाच्या मुलाला जेथे केंद्राच्या अंतराचा विचार करावा लागला, तेथे जव्हारच्या पाड्यावरील कोळ्याच्या पोराची कथा काय सांगावी! याच काळात, 1882 मध्ये, महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात कुणब्याच्या कष्टातून उभा राहिलेला सरकारचा वसूल वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे वाहतो आणि रयतेचे प्राथमिक शिक्षण उपाशी राहते, हा मुद्दा निर्भीडपणे मांडला होता. डोंगरी मुलखाला तो जितका लागू पडला, तितका क्वचितच दुसऱ्या कोणत्या मुलखाला पडला असेल.

म्हणून त्या पिढीतील सामान्य कुटुंबाच्या दृष्टीने परीक्षा म्हणजे मॅट्रिक नव्हेच. ती सातवीची ‘फायनल’. मराठी सात इयत्ता पुऱ्या करून फायनल झालेला मनुष्य प्राथमिक शाळेत मास्तर होऊ शके, तलाठ्याच्या जागेसाठी अर्ज करू शके, आणि गावात कागद वाचून दाखविणारा म्हणून त्याला मान मिळे. मॅट्रिकपेक्षा फायनलने खेड्यापाड्यांचे अधिक कल्याण केले असे आमचे स्पष्ट मत आहे. कारण मॅट्रिक झालेला तरुण बहुधा शहरातच राहिला, तर फायनल झालेला परत येऊन दुसऱ्याच्या मुलांना धुळाक्षरे गिरवावयास लावू लागला.

समुद्रकाठी परिस्थिती थोडी निराळी होती. रेल्वे डहाणूवरून गेलेली असल्याने किनाऱ्याच्या गावांचा मुंबईशी सतत संबंध राही, आणि बोर्डीला गोखले एज्युकेशन सोसायटीचे हायस्कूल 1920 मध्येच निघाले; तेथील आचार्य भिसे यांनी पुढे आपले आयुष्य ठाणे जिल्ह्यातील आदिवासींच्या शिक्षणास वाहिले. बाळासाहेब खेर यांनी 1940 मध्ये आदिवासी सेवा मंडळ स्थापिले. 1945 मध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीस बालशिक्षणाचे काम आरंभिले आणि ते पुढे कोसबाडच्या टेकडीवर नेले. ही माणसे फार मोठी होती. परंतु जव्हार-मोखाड्यापर्यंत रेल्वे आलीच नाही, ती आजतागायत आलेली नाही, आणि ज्या वाटेने रेल्वे जात नाही त्या वाटेने हायस्कूल फार उशिरा जाते, हा कोकणपट्टीचा अनुभव येथेही खरा ठरला.

1948 हे वर्ष या कथेत दुहेरी महत्त्वाचे आहे. त्या वर्षी जव्हार संस्थान मुंबई प्रांतात विलीन होऊन ठाणे जिल्ह्याचा भाग झाले, आणि त्याच वर्षी मॅट्रिक विद्यापीठाच्या हातून काढून घेऊन तिच्यासाठी स्वतंत्र एस.एस.सी. परीक्षा मंडळ निर्माण करण्यात आले, ज्याची पहिली परीक्षा 1949 मध्ये झाली. शालान्त परीक्षा ही विद्यापीठाच्या दाराची चौकी न राहता शालेय शिक्षणाची स्वतंत्र सनद झाली, हा बदल वरवर कारकुनी वाटला तरी ज्यांना विद्यापीठात कधीच जावयाचे नव्हते त्यांच्या दृष्टीने मूलगामी होता. पुढे 1 जानेवारी 1966 रोजी आजचे राज्य मंडळ अस्तित्वात आले; 1975 मध्ये नव्या आकृतिबंधाची दहावीची पहिली परीक्षा झाली आणि जुनी अकरावी संपली. त्या वर्षी अकरावी झालेले आणि दहावी झालेले असे दोन्ही तरुण एकदमच बाहेर पडले, आणि आजही म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात ‘जुनी मॅट्रिक’ हा शब्द काहीशा अभिमानाने येतो.

डोंगरात शिक्षण खऱ्या अर्थाने आणले ते आश्रमशाळेने. 1972-73 पासून शासनाने क्षेत्रविकासाच्या धोरणाने शासकीय आश्रमशाळा उघडावयास घेतल्या, 1983 मध्ये आदिवासी विकास विभाग स्वतंत्र झाला, आणि जव्हारला प्रकल्प कार्यालय आले. आश्रमशाळेत अभ्यासाइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्वाची गोष्ट दोन वेळचे जेवण ही होती. 1992-93 मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी सारा महाराष्ट्र हादरला; त्या वार्ता ज्यांनी वाचल्या त्यांना या वाक्याचा अर्थ उलगडून सांगावा लागणार नाही. ज्या मुलखात मूल जगविणे हाच प्रश्न होता, तेथे ते दहावीपर्यंत पोहोचविणाऱ्या मास्तरांचे आणि स्वयंपाक्यांचे ऋण मोठे आहे.

तथापि एक विसंगती पहिल्या दिवसापासून राहिली, ती पंचांगाची. विद्यापीठाची मॅट्रिक गांधीजींच्या काळी नोव्हेंबरात होई. तो भाताच्या कापणी-झोडणीचा हंगाम. शालान्त परीक्षा मार्चमध्ये आली, तेव्हा ती स्थलांतराच्या ऐन मध्यावर पडली. कारण भात घरात आले आणि दिवाळी उरकली की जव्हार-मोखाड्यातील घरेच्या घरे भिवंडी, वसई, वाड्याकडील वीटभट्ट्यांवर निघून जातात, शिमग्याला जमल्यास परततात, आणि पावसाच्या तोंडावर राबाची जमीन भाजावयास पुन्हा गावी येतात. भट्टीच्या मालकाकडून उचल घेतलेली असते. ती फिटेपर्यंत कुटुंबाचे हात मोकळे नसतात, आणि दहावीतील मुलगी म्हणजे घरातील वापरता येण्याजोगा एक हात. फागुन-चैताच्या दिवसांत गावोगावच्या बोहाड्याच्या सोंगांत देवदेवता नाचत असताना घरातील अर्धी माणसे विटा थापीत असतात. अलीकडे, 2025 पासून, दहावीची लेखी परीक्षा फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यातच सुरू होऊ लागली आहे, म्हणजे भट्टीचा हंगाम भरात असताना. मंडळाने जूनपूर्वी निकाल लागावा आणि पुरवणी परीक्षा वेळेवर व्हावी या हेतूने हे केले आहे, आणि हेतू चांगला आहे. परंतु परीक्षेचे पंचांग ठरविताना वीटभट्टीचे पंचांग कोणी समोर ठेवल्याचे दिसत नाही.

दुसरी विसंगती कागदाची, आणि तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. पाड्यावर जन्म झाला तर जन्माची नोंद होईलच असे नसे. मूल शाळेत आले की मास्तर त्याच्या उंचीकडे पाहून वर्षाचा अदमास करीत आणि शाळा जूनमध्ये सुरू होते म्हणून 1 जून ही तारीख लिहून टाकीत. महाराष्ट्रातील कित्येक ग्रामीण माणसांचा वाढदिवस 1 जूनला येतो तो यामुळे. परंतु हीच तारीख शालान्त प्रमाणपत्रावर छापली जाते आणि मग नोकरी, निवृत्ती व पारपत्र या सर्वांसाठी तीच खरी मानली जाते. त्याहून गंभीर गोष्ट जातीच्या दाखल्याची. अनुसूचित जमातीचा दावा सिद्ध करताना 6 सप्टेंबर 1950 पूर्वीचा पुरावा वजनदार समजला जातो, आणि तो पुरावा बहुतेक वेळा आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरातील नोंद हाच असतो. म्हणजे ज्याचा आजा संस्थानच्या मोफत शाळेत दोन वर्षे जरी बसला, त्या नातवाची वाट आज सोपी होते. आणि ज्याचा आजा गुरांमागे गेला, त्याला आपण जे आहोत ते सिद्ध करण्यासाठी महसुलाच्या दफ्तरातील जुने उतारे आणि जन्ममृत्यूच्या नोंदी धुंडाळीत फिरावे लागते. पूर्वजाला शिक्षण न मिळाल्याचा दंड नातवाने भरावा, हा अन्याय आहे आणि तो अन्यायच म्हटला पाहिजे.

या इतिहासाने दहावीच्या घराला काही व्यवहाराच्या गोष्टी शिकविल्या आहेत. परीक्षेचे आवेदनपत्र पावसाळ्यानंतर भरले जाते. त्याच वेळी मुलाचे नाव, आईचे नाव, आडनाव आणि जन्मतारीख शाळेच्या रजिस्टराशी अक्षरशः ताडून पाहावी, कारण प्रमाणपत्र छापल्यानंतरची दुरुस्ती फार क्लेशाची असते. जातीच्या दाखल्याचा अर्ज निकालानंतर नव्हे, तर दहावीच्या प्रारंभीच प्रांताच्या कचेरीकडे जावा. नियमित विद्यार्थ्याला 75 टक्के हजेरी लागते, म्हणून दिवाळीनंतर मुलाला भट्टीवर नेण्याऐवजी आश्रमशाळेत, वसतिगृहात अथवा नातलगांकडे ठेवण्याची व्यवस्था करावी, आणि शाळेनेही ती विचारावी. प्रत्येक विषयाचे 80 गुण लेखी आणि 20 अंतर्गत असतात. त्या 20 गुणांसाठी मूल वर्षभर शाळेत दिसणे हेच मुख्य भांडवल होय. शाळा सुटलेल्या मुलासाठी सतरा नंबरचा अर्ज आहे. किमान पाचवी उत्तीर्ण असलेला खाजगीरीत्या दहावीला बसू शकतो, हे पुष्कळ घरांना ठाऊक नसते.

निकालासंबंधीही दोन शब्द. 2025 मध्ये राज्याचा दहावीचा निकाल 94.10 टक्के लागला. 2021 मध्ये, साथीमुळे परीक्षाच न होता अंतर्गत मूल्यमापनावर, तो 99.95 टक्के होता. असे मोठे आकडे ऐकले की नापास झालेले मूल अधिकच एकाकी होते. वास्तविक दोन विषयांपर्यंत राहिलेल्यास अकरावीत सशर्त प्रवेश मिळतो, पुरवणी परीक्षा काही आठवड्यांतच होते, आणि गुणपडताळणी, उत्तरपत्रिकेची छायाप्रत व पुनर्मूल्यांकन हे हक्क त्यालाही आहेत. 2025-26 पासून अकरावीचा प्रवेश सर्व राज्यात केंद्रीय पद्धतीने, संगणकावरून होतो. पाड्यावर रेंज नसेल तर अर्जाच्या मुदतीत मुलाने शाळेत अथवा तालुक्याच्या गावी राहिले पाहिजे.

जव्हार, मोखाड्यातील ज्या घरी यंदा दहावीचे मूल आहे, त्या घराला आमची विनंती एवढीच की भट्टीची उचल घेण्यापूर्वी मास्तरांना भेटावे, परीक्षेचे वेळापत्रक विचारून घ्यावे, आणि ते संपेपर्यंत त्या मुलाचे नाव मुकादमाच्या यादीत घालू नये.