चालणाऱ्याचे घड्याळ

कोल्हापूरहून रत्नागिरीकडे जाताना आंबा घाटाच्या अलीकडे मलकापूर लागते. जून ते सप्टेंबर इथे पाऊस उसंत देत नाही. कपाटातल्या कपड्यांना बुरशी येते, वह्यांची पाने चिकटतात आणि साधी मनगटी घड्याळे एकामागून एक काचेत धुके धरू लागतात. आमचे अण्णा याच भागात माध्यमिक शाळेत शिक्षक होते. त्यांच्या हातात एक जाडजूड पोलादी घड्याळ असे. चावी द्यावी न लागणाऱ्या अशा घड्याळाला गावात ‘ऑटोमॅटिक’ म्हणत. शाळेची तीन किलोमीटरची पायपीट, खडूची धूळ, नदीवरची अंघोळ, जुलैमध्ये मुलांना घेऊन केलेली पन्हाळा–पावनखिंड वाट, यांपैकी कशासाठीही त्यांनी ते हातातून काढले नाही. आठवड्यातून एकदा आकाशवाणीच्या बातम्यांची वेळ ऐकून ते काटे सारखे करत. एवढीच त्याची निगा.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी हे घड्याळ पहाटे बंद पडलेले आढळू लागले. घड्याळजींनी ते उघडून पाहिले, तेलपाणी केले, तरी तेच. शेवटी त्यांनी ते चार दिवस स्वतःच्या मनगटावर बांधले आणि परत देताना म्हणाले, “घड्याळाला काही झालेलं नाही. गुरुजींचं चालणं कमी झालंय.” अण्णांचे गुडघे दुखत होते, हे त्यांनी घरात कोणाला सांगितले नव्हते. घड्याळाने मात्र ते सांगून टाकले.

घड्याळजींचे हे निदान समजून घ्यायचे तर या घड्याळाचा इतिहास पाहायला हवा. चावी देण्याचा कंटाळा वाचावा म्हणून ऑटोमॅटिक घड्याळ निघाले, असा आपला समज असतो. तो अर्धाच खरा आहे.

अठराव्या शतकात स्वित्झर्लंडमधील ल लोक्ल या गावी आब्राम-लुई पेर्रले नावाचा घड्याळजी होता. त्याने खिशातल्या घड्याळात एक डुलणारे वजन बसवले. माणूस चालला की वजन हले आणि मुख्य स्प्रिंग गुंडाळली जाई. १७७७ साली जिनीव्हाच्या कला मंडळाने नोंद केली की, पंधरा मिनिटे चालले तर हे घड्याळ आठ दिवस चालते. (याच सुमाराच्या फिरत्या वजनाच्या रचनेचे श्रेय काही इतिहासकार यूबेर सार्तों याला देतात.) कल्पना चांगली होती, पण खिसा ही तिच्यासाठी चुकीची जागा होती. खिशातले घड्याळ बहुतांश वेळ उभे आणि स्थिर असते. त्यामुळे ही युक्ती दीडशे वर्षे मागे पडली.

पहिल्या महायुद्धात खंदकांतील सैनिकांनी घड्याळ खिशातून मनगटावर आणले. मनगट दिवसभर हलते, वळते, उलटे होते. पण मनगटावर घाम, चिखल आणि पाऊसही असतो. जॉन हारवुड हा इंग्लंडमधील घड्याळदुरुस्त्या. दुरुस्तीला येणारी घड्याळे उघडता उघडता त्याच्या ध्यानात आले की, धूळ आणि ओल आत शिरते ती मुख्यतः चावीच्या दांडीच्या छिद्रातून. रोज चावी द्यायची म्हणजे रोज ती दांडी फिरवायची. मग छिद्र घट्ट राहणार कसे? त्याने प्रश्नच उलटा केला : चावीच नको असे घड्याळ का करू नये? १९२४ साली त्याला स्वित्झर्लंडमध्ये एकस्व मिळाले. त्याच्या घड्याळाला चावी नव्हतीच. काटे लावायचे ते काचेभोवतीची कडा फिरवून. आतले वजन अर्ध्या फेरीइतके डुले आणि दोन्ही टोकांना स्प्रिंगवर आदळून परत येई. पूर्ण भरलेले घड्याळ सुमारे बारा तास चाले. १९२८ मध्ये ते विक्रीस आले. पण जागतिक मंदीत, १९३१ साली, त्याची कंपनी बुडाली.

म्हणजे मनगटावरचे ऑटोमॅटिक घड्याळ जन्माला आले ते आळशी माणसासाठी नव्हे, तर एक छिद्र बुजवण्यासाठी.

याच काळात दुसऱ्या बाजूनेही प्रयत्न चालू होते. १९२६ साली रोलेक्सने ‘ऑयस्टर’ हे पाणीबंद घड्याळ काढले. त्याची चावी स्क्रूसारखी आवळून बसवता येई. १९२७ मध्ये मर्सिडीज ग्लाइत्झ ही जलतरणपटू ते गळ्यात घालून इंग्लिश खाडीच्या थंड पाण्यात दहा तासांहून अधिक पोहली. पण रोज चावी देण्यासाठी तो स्क्रू सैल करावाच लागे, आणि कोणी आवळायला विसरले की सगळे मुसळ केरात. १९३१ मध्ये त्याच कंपनीने पूर्ण ३६० अंश फिरणारी अर्धवर्तुळाकार जड चकती, म्हणजे रोटर, घड्याळात बसवली. पाणीबंद कवच आणि स्वयंचलित स्प्रिंग अशी एकत्र आली. १९३०च्याच दशकात तोलचक्राच्या नाजूक टोकांना धक्क्यापासून वाचवणारे स्प्रिंगचे आधार रूढ झाले. १९४८ मध्ये एटर्ना कंपनीने रोटर बॉलबेअरिंगवर बसवला. दणकट घड्याळाची बहुतेक अंगे इथे पुरी झाली.

१९६३ साली जपानच्या सेइकोने स्वस्तातले ‘फाइव्ह’ हे ऑटोमॅटिक काढले. त्याची चावी तीनच्या आकड्यासमोर नसून चारजवळ, कडेत दडवलेली होती. जिचा रोज उपयोग नाही ती बोटांना सहज सापडायची गरज काय? आपल्याकडे एचएमटीने जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने १९६१ मध्ये बंगळूरला घड्याळांचा कारखाना सुरू केला. चावीचे ‘जनता’ आणि ऑटोमॅटिक ‘कांचन’ ही नावे एका पिढीला पाठ होती. २०१६ साली केंद्र सरकारने ही घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला. तोवर बाजार क्वार्ट्‌झचा झाला होता. १९६९च्या २५ डिसेंबरला टोकियोत पहिले क्वार्ट्‌झ मनगटी घड्याळ विक्रीस आले होते. आज साधे क्वार्ट्‌झ घड्याळ महिन्यात जेमतेम पंधरा सेकंद चुकते. ऑटोमॅटिक एका दिवसात दहा सेकंद सहज चुकते. मात्र त्याच्यावर रागावण्याआधी हिशेब करावा. सेकंदाला सहा टिकटिक म्हणजे दिवसाला ५,१८,४०० टिकटिक. दिवसाला दहा सेकंद म्हणजे ८,६४० सेकंदांत एकच सेकंद. स्प्रिंग, दाते आणि तेलाचा थेंब यांच्या बळावर हे कमी नाही.

आता अण्णांच्या घड्याळाकडे वळू. रोटरचा जड भाग गुरुत्वाकर्षणामुळे नेहमी खाली लोंबू पाहतो. मनगट वळले की ‘खाली’ची दिशा घड्याळाच्या दृष्टीने बदलते, रोटर फिरतो आणि दातेरी चाकांमार्फत स्प्रिंग गुंडाळतो. स्प्रिंग भरल्यावरही माणूस चालतच राहिला तर ती तुटत नाही, कारण तिचे बाहेरचे टोक डब्याच्या भिंतीला पक्के जोडलेले नसते. ताण वाढला की ते घसरते. ही युक्ती आद्रियां फिलीप याने १८६३ मध्ये नोंदवली होती. पूर्ण भरलेली स्प्रिंग साधारण चाळीस तास पुरते. शुक्रवारी रात्री नऊला काढून ठेवलेले घड्याळ रविवारी दुपारी थांबते.

हा सरळ जमाखर्च आहे. खर्च रात्रंदिवस एकसारखा. जमा मात्र माणूस हालेल तेवढीच. अण्णा चालत होते तेव्हा जमा भरपूर होती. पुढे ते दिवसभर खुर्चीत वाचत बसू लागले. रोजची जमा खर्चापेक्षा थोडी कमी पडू लागली, शिल्लक घटत गेली आणि रात्रीचा निश्चल हात तिला पहाटेपर्यंत पुरवू शकेना.

वर्गात करून पाहण्याजोगे दोन प्रयोग. पहिला : एखाद्या ऑटोमॅटिक घड्याळाची वेळ मोबाईलच्या वेळेशी रोज सकाळी ताडून पंधरा दिवस आलेख काढावा. नंतर ते रात्री कधी आडवे, कधी उभे ठेवून फरक पाहावा. गुरुत्वाकर्षणाचा तोलचक्रावरील परिणाम मुलांना सेकंदांत दिसेल. दुसरा : घड्याळ कोमट करून काचेवर गार पाण्याचा थेंब एक मिनिट ठेवावा. थेंब पुसल्यावर आतून धुके दिसले, तर ओल आत शिरलेली आहे. कारखान्यांतही अशीच परीक्षा घेतात. घड्याळ पाणीबंद आहे असे पाठीमागे कोरलेले असले, तरी आतले रबर वयाबरोबर कडक होते, एवढे ध्यानात ठेवावे.

अण्णांना आम्ही डॉक्टरांकडे नेले. आता ते काठी घेऊन रोज संध्याकाळी अर्धा तास फिरून येतात. घड्याळ अजून कधीकधी पहाटे थांबते. तसे झाले की अण्णा चहाच्या आधी ते दोन-तीन मिनिटे हलक्या हाताने डोलवतात, काटे लावतात आणि संध्याकाळी फाटकाच्या पुढे, वळणापर्यंत जाऊन येतात.