स्प्रिंग कोणाच्या वजनाची?

परभणी जिल्ह्यातील एका शाळेत आठवीच्या वर्गाशी गप्पा मारताना एका मुलाने आम्हाला विचारले, "टांग्याला पाटे असतात, मोटारसायकलला शॉकअप असतो, माझ्या सायकललासुद्धा मागे स्प्रिंग आहे. मग बैलगाडीलाच का नाही?" शेतकऱ्याला परवडत नाही, असे सांगून आम्ही मोकळे झालो. घरी परतताना मात्र ते उत्तर अपुरे असल्याचे जाणवले. स्प्रिंग बसवणे ही एक गोष्ट आणि योग्य स्प्रिंग निवडणे ही दुसरी. बैलगाडीची खरी अडचण दुसऱ्या गोष्टीत आहे.

स्प्रिंगचा नियम आपण शिकवतो तो रॉबर्ट हूकचा. दुसऱ्या कोणी श्रेय घेऊ नये म्हणून हूकने १६७६ साली हा नियम कोड्याच्या रूपात छापला. लॅटिन वाक्यातली चौदा अक्षरे त्याने नुसती वर्णानुक्रमाने मांडली! दोन वर्षांनी, १६७८ मध्ये, त्याने कोडे उलगडले. स्प्रिंगवर जितका जोर, तितकी तिची लांबी बदलते. जोर दुप्पट तर बदलही दुप्पट. एक मिलिमीटर दाबायला किती किलो वजन लागते, हा आकडा म्हणजे त्या स्प्रिंगचा कडकपणा.

आता मानवत किंवा सेलूच्या बाजाराला कापूस घेऊन निघालेली गाडी डोळ्यांसमोर आणा. जाताना साट्यात आठ-दहा क्विंटल माल आणि परत येताना फक्त गाडीवान. आठ क्विंटलला मऊ वाटेल अशी स्प्रिंग एकट्या गाडीवानाखाली दगडासारखी राहील. गाडीवानाला सुखाची वाटेल अशी निवडली, तर कापूस चढताच ती पार मिटून जाईल आणि मिटलेली स्प्रिंग म्हणजे लोखंडाचा ठोकळाच. पूर्वीच्या सुताराने हा प्रश्न चाक मोठे करून आपल्या परीने सोडवला. मोठे चाक लहान खड्ड्यात पूर्ण उतरत नाही. पण लोखंडी धाव बसवलेले ते चाक धक्का गिळत नाही, पुढे पाठवते: आखातून साट्याला, साट्यातून जुवाला आणि जुवाखालून बैलाच्या मानेला. पोळ्याच्या आदल्या दिवशी तूप-हळद लावून बैलांचे खांदे मळतात, ती खांदेमळणी आपल्याकडे सर्वांच्या परिचयाची आहे. खांदेसूज झालेला बैल ज्याने पाहिला आहे त्याला या प्रथेमागचे कारण वेगळे सांगावे लागत नाही.

टांग्याचे तसे नव्हते. टांग्यात दोन बसले काय किंवा चार बसले काय, ओझ्यातला फरक दुपटीच्या आसपासच राहतो. म्हणून त्याला पाटे शोभले. लंडनच्या ओबाडाया इलियट या गाडीकाराने १८०४-०५ च्या सुमारास धनुष्यासारखे दोन पाटे समोरासमोर जोडून घोडागाडी त्यावर तोलली, तेव्हापासून ही पद्धत रुळली. पाट्यांचा आणखी एक गुण सहसा लक्षात येत नाही. एकावर एक रचलेल्या पट्ट्या परस्परांवर घासतात, त्यामुळे गाडीचा झोका लवकर शमतो. नुसती वेटोळी स्प्रिंग मात्र नाचतच राहते, म्हणून तिच्या पोटात तेलाची नळी घालावी लागते. या जोडीलाच आपण शॉकअप म्हणतो.

बैलगाडीला दिलासा मिळाला तो वेगळ्याच वाटेने. १८८८ साली बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने मुलाच्या तीनचाकी सायकलला हवेची रबरी धाव बसवली. (जनावरांच्या डॉक्टराच्या हातून अखेर बैलांचेही भले झाले, हा योगायोग आम्हाला आवडतो.) हवा हीसुद्धा स्प्रिंगच आहे आणि ओझ्याप्रमाणे ती कमीजास्त भरता येते. आपल्याकडची टायरची गाडी याच तत्त्वावर चालते. परभणीचे कृषी विद्यापीठ १९७२ मध्ये स्थापन झाले. पुढे तेथील पशुशक्ती योजनेतून बैलचलित अवजारांवर बरेच काम झाले आहे. ट्रकवाल्यांनी तिसरी युक्ती काढली. मुख्य पाट्यांच्या वर काही पाटे असे ठेवले की रिकाम्या गाडीत ते टेकतच नाहीत आणि माल भरला की कामाला लागतात.

मग एकाच माणसाचे ओझे वाहणाऱ्या वाहनाला तर स्प्रिंग अगदी मापात निवडता यायला हवी. तसे झालेही, पण फार उशिरा. १९७०च्या दशकात अमेरिकेत कॅलिफोर्नियातील मरिन परगण्यातली काही तरुण मंडळी जुन्या जाड टायरच्या सायकली डोंगरउतारावरून पिटाळू लागली. तिथून पुढे डोंगरी सायकल जन्मली. १९८९ मध्ये रॉकशॉक्स कंपनीचा पुढचा शॉकअप बाजारात आला आणि १९९०च्या दशकात मागची स्प्रिंगही रुळली.

तिची निवड वर्गात फळ्यावर करता येते. समजा, सामानासह स्वाराचे वजन ६० किलो आहे. त्यातले सुमारे ६५ टक्के, म्हणजे ३९ किलो, मागच्या चाकावर येते. चाक १५० मिलिमीटर वर जाते तेव्हा स्प्रिंग ५० मिलिमीटरच दबते, अशी तरफेची रचना आहे. म्हणजे स्प्रिंगवर तिप्पट जोर, ११७ किलो. स्वार नुसता बसल्यावर स्प्रिंगने आपल्या पल्ल्याच्या ३० टक्के, म्हणजे १५ मिलिमीटर दबावे, अशी रीत आहे. चाक खड्ड्यात उतरायला खालीही जागा हवी, म्हणून. ११७ भागिले १५, म्हणजे मिलिमीटरला ७.८ किलो. या स्प्रिंगांवर आकडे पौंड आणि इंचात असतात, त्या हिशोबाने साधारण ४४०. हाच हिशोब ८५ किलोच्या स्वारासाठी केला, तर ६२० च्या आसपास उत्तर येते. एकाची स्प्रिंग दुसऱ्याला चालत नाही.

इथे एक गैरसमज हटकून भेटतो. स्प्रिंगवरची चकती पान्याने आवळली की स्प्रिंग कडक होते, असे सगळे समजतात. मोटारसायकलच्या शॉकअपविषयीही हेच ऐकू येते. वास्तविक कडकपणा तारेची जाडी, वेढ्यांचा व्यास आणि वेढ्यांची संख्या यांवर ठरतो. तार दहा टक्के जाड घेतली तर तो जवळजवळ दीडपट होतो. चकती आवळल्याने यांतले काहीच बदलत नाही. गाडी थोडी उंच उभी राहते, इतकेच. आलेखावर दाखवायचे तर रेषा सरकते, तिचा चढ तोच राहतो. विद्यार्थ्यांना हे तोंडी सांगण्यापेक्षा आलेख काढायला लावावे.

पुढच्या भेटीत आम्ही त्या मुलाची सायकल मागवली. स्प्रिंगशेजारी कागदाची पट्टी चिकटवून खूण केली आणि त्याला बसवले. वजन ३५ किलो. खूण जेमतेम एक मिलिमीटर हलली. मग गणिताचे सर बसले, ते ८० किलोचे. तेव्हा कुठे ती दोन मिलिमीटरच्या पुढे गेली. मुलाने पट्टीकडे पाहिले आणि विचारले, "सर, मग ही कोणासाठी लावलीय?"