दर्यावरचे दस्तक

अलिबागच्या किनाऱ्यावर उभे राहिले म्हणजे समोर कुलाब्याचा किल्ला दिसतो. अठराव्या शतकाच्या आरंभी या पाण्यातून जाणाऱ्या गलबताला सरखेल कान्होजी आंग्र्यांचे दस्तक लागे. ही रीत काही त्यांनी शोधून काढलेली नव्हे. पोर्तुगीज सोळाव्या शतकापासून ‘कार्ताझ’ देत आले होते. जहाज केवढे, त्याचा कप्तान कोण, ते जाणार कोठे, हे त्यात लिहिलेले असे. कागद नसला की जहाज धरले जाई. दर्या कोणाचा, हा वाद शेवटी कागद कोणाचा चालतो यावर येऊन ठेपे. मुंबईकर इंग्रजांनी आंग्र्यांचे दस्तक मानले नाही. 1718 साली ते खांदेरीवर चालून आले, 1721 साली पोर्तुगीजांना बरोबर घेऊन कुलाब्यावर आले, आणि दोन्ही वेळा हात हलवीत परत गेले.

‘दस्तक’ हा शब्द आला आहे फारसी ‘दस्त’वरून. दस्त म्हणजे हात. तांडेलाला अक्षर येत नसले, तरी कागद त्याच्या हाती होता. आपल्याविषयी काय लिहिले आहे, ते तो कोणाकडून तरी वाचवून घेऊ शकत होता. ही गोष्ट लहान खरी, पण पुढे तीच हरवली.

1858 साली बंगालमध्ये जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या इंग्रज अंमलदाराने राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराकडून करारावर सबंध पंजाचा ठसा उमटवून घेतला. हेतू एवढाच, की त्याला धाक वाटावा आणि पुढे त्याने सही नाकारू नये. आता कागद हातात नव्हता, हातच कागदावर गेला होता.

आमच्या कोळीवाड्यांनी सावकाराच्या कागदावर अंगठे पिढ्यान्‌पिढ्या उठविले. सरकारने त्यांची बोटे मागितली ती अलीकडे. 26 नोव्हेंबर 2008 रोजी मुंबईवर समुद्रमार्गे हल्ला झाला आणि त्यानंतर किनाऱ्यावरील मच्छीमारांना बायोमेट्रिक ओळखपत्रे देण्याची योजना आली. हरकत कोण घेणार? दर्याची राखण कोळ्यालाही हवीच आहे. पण मला शेखाडी आठवते. 1993 च्या आरंभी मुंबईच्या बाँबस्फोटांसाठीचा दारूगोळा उतरला तो आमच्याच जिल्ह्यात, श्रीवर्धन तालुक्यातील या गावी. 2006 साली विशेष टाडा न्यायालयाने ज्यांना दोषी ठरविले, त्यांत कस्टम खात्याचे अधिकारी होते आणि श्रीवर्धनचे पोलीसही होते. या मंडळींच्या खिशात ओळखपत्रे आधीपासून होती.

24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. 2023 साली डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले. मात्र व्यक्तीच्या हक्कांची कलमे अमलात यायला तेथून अठरा महिन्यांची मुदत ठेवली आहे. माझी कोणती माहिती तुमच्याजवळ आहे, ती कोणाकोणाला दिलीत, असे त्यानंतर बँकेला किंवा मोबाइल कंपनीला विचारता येईल. दिलेली संमती दिली तितक्याच सहजपणे परत घेता येईल, आणि काम संपल्यावर माहिती पुसून मागता येईल. तक्रार आधी त्याच संस्थेकडे करावयाची. तेथे दाद लागली नाही तर डेटा संरक्षण मंडळाकडे. संमतीची सूचना मराठीतून मागण्याची सोयही आहे. मागितली मात्र पाहिजे.

चूक दुरुस्त करून घेण्याचाही हक्क आहे, आणि येथे आमच्या पेशाचे एक जुने पाप कबूल केले पाहिजे. पोराची जन्मतारीख ठाऊक नसली की गुरुजी दाखल्यावर 1 जून घालून मोकळे होत. एका पिढीची कितीतरी माणसे अशी कागदोपत्री 1 जूनला जन्मली, आणि ती तारीख त्यांच्या पेन्शनपर्यंत त्यांच्या मागे चालत गेली.

आणि कोळ्याचे ठसे? कायद्याच्या कलम 17 प्रमाणे देशाच्या सुरक्षिततेसाठी केंद्र सरकार आपल्या कोणत्याही यंत्रणेला अधिसूचना काढून या कायद्यातून वगळू शकते. आणि ठसे तर सुरक्षिततेच्याच नावाने घेतलेले. तसे वगळले गेले, तर आपले पान वाचवून घेण्यासाठी नाखव्याला 2005 च्या माहिती अधिकाराचा अर्जच करून पाहावा लागेल. शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस.