स्मार्टफोन-मुक्तीकरण

स्मार्टफोन-मुक्तीकरण : निर्मात्याने किंवा सेवा-कंपनीने स्मार्टफोनवर घातलेली बंधने काढून त्याची कार्यप्रणाली धारकाच्या गरजेप्रमाणे बदलण्याची क्रिया. तिचे मुख्य प्रकार तीन : फोन एकाच कंपनीच्या सिमकार्डाशी बांधणारे कुलूप उघडणे, फोन सुरू होताना कार्यप्रणाली स्मृतीत उतरविणाऱ्या ‘बूटलोडर’ या आज्ञावलीचे कुलूप उघडणे, आणि प्रणालीच्या मूळ फायली बदलण्याचा अधिकार मिळविणे. या तिसऱ्या प्रकारास ‘रूटिंग’ म्हणतात.

अमेरिकेत २००७ च्या जूनमध्ये आलेला आयफोन एकाच दूरध्वनी कंपनीशी बांधलेला होता. त्याचे सिमबंधन दोन महिन्यांच्या आतच मोडण्यात आले. २००८ मध्ये अँड्रॉइड प्रणालीची मूळ संहिता खुली झाली आणि २००९ पासून ‘सायनोजेनमॉड’ ही तिची स्वयंसेवकांनी सुधारलेली आवृत्ती प्रसारात आली. भारतात बहुतेक फोन सेवेपासून स्वतंत्रपणे विकले जात असल्याने सिमबंधनाचा प्रश्न फारसा तीव्र झाला नाही. येथे मुक्तीकरणास विशेष महत्त्व आले ते लिपीमुळे.

सोलापूर शहरात मराठी, कन्नड, तेलुगू व उर्दू भाषा बोलल्या जातात. तेथील विणकरांत तेलुगूभाषक पद्मशाली समाज मोठा आहे. अशा शहरातील वाचकाला एकाच फोनवर अनेक लिप्या लागतात. परंतु प्रारंभीच्या अनेक अँड्रॉइड फोनांवर भारतीय अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन उमटत. रूटिंग केलेल्या फोनात देवनागरी टंक बसविता येई. तेवढ्याने चौकोन जात, पण लेखन शुद्ध दिसेलच असे नसे. ‘कि’ हे अक्षर साठविताना आधी ‘क’ व नंतर इकार येतो, दाखविताना मात्र इकार आधी यावा लागतो. ही फेरमांडणी व जोडाक्षरांची जुळणी टंकाखेरीज वेगळ्या आज्ञावलीवर अवलंबून असते. देवनागरीची सोय २०११ मधील चौथ्या आवृत्तीत, तर कन्नड व तेलुगूची २०१२ मधील ४·१ या आवृत्तीत मूळ प्रणालीतच झाली. २०१४ मधील पाचव्या आवृत्तीत सूचनाही मराठीत आल्या. यानंतर केवळ लिपीसाठी रूटिंग करण्याचे कारण उरले नाही. जुन्या फोनांना मात्र नवी आवृत्ती निर्मात्याकडून मिळेलच असे नव्हते. तेथे मुक्तीकरण हाच मार्ग राहिला.

या क्रियेत धोकेही आहेत. बहुतेक फोनांत बूटलोडर उघडताना साठविलेली सर्व माहिती पुसली जाते; म्हणून तिची प्रत आधी काढून ठेवणे अगत्याचे असते. चुकीची प्रणाली बसविल्यास फोन कायमचा निकामी होऊ शकतो; हमी नाकारली जाण्याचा संभव असतो; तसेच बँकांची काही अनुप्रयोगे रूटिंग केलेल्या फोनावर चालत नाहीत.

कायद्याच्या दृष्टीने अमेरिकेत २०१० मध्ये आयफोनसारख्या फोनांच्या मुक्तीकरणास प्रताधिकार कायद्यातून सूट मिळाली. फोनाचा आयएमईआय हा ओळखक्रमांक बदलणे ही मात्र सर्वस्वी वेगळी बाब आहे. भारतात २०१७ च्या नियमांनुसार तो गुन्हा होता व २०२३ च्या दूरसंचार अधिनियमानुसारही तो गुन्हा आहे. कारण चोरीस गेलेल्या फोनाचा माग त्याच क्रमांकावरून लागतो.