मोटारीच्या क्रमांकपट्टीचा इतिहास

बैलगाडीच्या काळीं गाडीस क्रमांकाची गरज नव्हती. वाशीम जिल्ह्यांतील आसेगांवासारख्या गांवीं बैलांवरून मालक ओळखूं येई. मोटारीच्या वेगानें ही ओळख पुसली. धक्का देऊन गाडी धुरळ्यांत दिसेनाशी झाली, तर दाद मागावयाची कोणाविरुद्ध? या प्रश्नांतून क्रमांकपट्टीचा जन्म झाला.

पॅरिसच्या पोलिसांनीं १८९३ मध्यें प्रत्येक मोटारीवर मालकाचें नांव, पत्ता व क्रमांक असलेली धातूची पट्टी लावण्याचा हुकूम काढला. इंग्लंडांत १ जानेवारी १९०४ पासून नोंदणी सक्तीची झाली. आणि क्रमांकाची हौस तिच्याबरोबरच जन्मास आली. लंडनचा ‘ए १’ हा पहिला क्रमांक अर्ल रसेल यांनीं पटकाविला. हिंदुस्थानांत १९१४ व १९३९ सालीं मोटारींविषयीं कायदे झाले.

या पट्टीवर राज्यकारभाराचीं स्थित्यंतरेंहि उमटतात. वऱ्हाड प्रांत १९०३ मध्यें मध्यप्रांतास जोडला गेला, १९५६ मध्यें मुंबई राज्यांत व १९६० मध्यें महाराष्ट्रांत आला. १९८८ च्या कायद्याचा अंमल १ जुलै १९८९ पासून सुरू झाल्यावर महाराष्ट्राच्या वाहनांस ‘एमएच’ हीं अक्षरें मिळालीं. अकोल्याचा अंक ३० ठरला. १ जुलै १९९८ रोजीं वाशीम जिल्हा त्यापासून निराळा झाला. त्याचा अंक ३७. आसेगांव जागचें हाललें नाहीं, पण तेथील जुन्या गाडीवर ३० व नव्या गाडीवर ३७ असे दोन जिल्हे एकाच रस्त्यानें धांवूं लागले.

पसंतीचा क्रमांक सरकार जादा शुल्क घेऊन देतें. महाराष्ट्रांत चारचाकीच्या ‘एक’ या अंकाचें मूळ शुल्क २०२४ मध्यें ३ लक्षांवरून ५ लक्ष रुपयांवर गेलें. हौसेस मोल असतें, त्यांत गैर कांहीं नाहीं. परंतु अंकांस बाक देऊन त्यांतून ‘दादा’ किंवा ‘राम’ हीं अक्षरें उमटविणें ही निराळी गोष्ट होय. १९८९ च्या नियमांनीं अक्षरांची लिपि, आकार व अंतर हीं ठरवून दिलीं आहेत. १ एप्रिल २०१९ पासून तर नव्या वाहनांस सहजासहजीं बदलतां न येणारी सुरक्षित पट्टी आवश्यक झाली.

इतकी कडक व्यवस्था कशासाठीं? पट्टीचें मोल मालक देतो, परंतु ती लिहिलेली असते दुसऱ्यासाठीं. रस्त्यांत पडलेल्या माणसास ती क्षणभरच दिसते. त्या क्षणीं त्यास ‘दादा’ वाचतां आलें आणि अंक वाचतां आला नाहीं, तर त्याच्या हातीं न्यायाचें कोणतेंच साधन उरत नाहीं.