कौरीचा महावृक्ष पाडतांना

न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर कोरोमंडल नांवाचें एक द्वीपकल्प आहे. हें नांव कानीं पडतांच आपल्याकडील चोलमंडलाचा किनारा आठवावा हें साहजिक आहे. आणि तो संबंध केवळ नामसादृश्याचा नाहीं. १८२० सालीं ब्रिटिश आरमाराचें ‘कोरोमंडल’ जहाज डोलकाठ्यांचें लांकूड शोधीत तेथें गेलें. जहाजाचें नांव हिंदुस्थानच्या किनाऱ्याचें होतें. तें त्या दूरच्या भूमीला कायमचें चिकटलें. ज्या झाडासाठीं ही यातायात झाली, तें झाड म्हणजे कौरी.

कौरीचें खोड खांबासारखें सरळ वाढतें. खालच्या फांद्या तो वृक्ष आपण होऊन टाकून देतो. त्यामुळें प्रौढ झाडाचा बुंधा पन्नास-साठ फुटांपर्यंत गांठीवांचून राहतो, आणि वर एकाएकीं फांद्यांचा प्रचंड पसारा सुरू होतो. सालीचे पापुद्रे सतत गळत असल्यामुळें वेलींना त्यावर फारसा पाय रोवतां येत नाहीं. शतकानुशतकें गळलेल्या या सालीचा ढीग बुंध्याभोवतीं कधीं कधीं माणसाइतका उंच होतो. १८३५ च्या डिसेंबरांत चार्ल्स डार्विन वाइमाटे येथें गेला असतां त्यानें एका कौरीचा घेर मोजला. तो मुळांच्या वर ३१ फूट भरला. सहा माणसांनीं हात पसरले तरच अशा झाडाला कवेंत घेतां येईल.

माओरी लोकांच्या मतें वृक्ष हीं ताने या अरण्यदेवतेचीं लेंकरें. आकाशपिता आणि पृथ्वीमाता एकमेकांना घट्ट बिलगून होतीं; त्यांना दूर सारून जगांत उजेड आणला तो तानेनें. म्हणून नौकेसाठीं मोठें झाड पाडावयाचें तर आधीं विधिपूर्वक अनुज्ञा घ्यावी लागे. राता नांवाच्या पुरुषानें ती न घेतांच झाड पाडलें, आणि दुसऱ्या दिवशीं येऊन पाहतो तों झाड पूर्ववत् उभें, अशी कथा आहे. गोऱ्या व्यापाऱ्यांच्या आमदानींत असा चमत्कार घडला नाहीं. पडलेलें झाड पडलेलेंच राहिलें. आणि तें पाडणाऱ्यांत पुढें मजुरीसाठीं माओरी हातहि होते.

झाड तोडावयाला दांडगें मनगट पुरे, अशी शहरांतील माणसाची समजूत असते. प्रत्यक्षांत कुऱ्हाड उचलण्यापूर्वीं जाणता लांकूडतोड्या बुंध्याभोवतीं फिरून कितीतरी वेळ नुसता वर पाहत राही. झुकाव कोणीकडे आहे? फांद्यांचा भार कोणत्या बाजूला अधिक आहे? वारा कोठून येतो? आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे खालची जमीन कशी आहे? कित्येक टनांचें खोड खडकावर किंवा घळीच्या कडेवर आपटलें तर उभें दुभंगे, आणि सारी मेहनत व्यर्थ जाई. म्हणून झाड कोठें निजवावयाचें, हें पहिला घाव घालण्यापूर्वींच ठरलेलें असे.

ज्या बाजूला झाड पाडावयाचें त्या बाजूनें प्रथम खोल खाच घेत. बुंध्याला लहान छेद घेऊन त्यांत फळी अडकवावयाची, तीवर दोघांनीं समोरासमोर उभें राहावयाचें, आणि एकानें उजव्या हातीं तर दुसऱ्यानें डाव्या हातीं आळीपाळीनें घाव घालावयाचे. आरंभीं सगळें काम कुऱ्हाडीनेंच होई. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत दोघांनीं ओढावयाची लांब करवत आली. मग खाचेच्या विरुद्ध बाजूनें करवत चालूं लागली. झाडाचा भार बसून ती आंत चिमटूं नये म्हणून तिच्यामागें पोलादी पाचरी ठोकीत. करवत आणि खाच यांच्यामध्यें जो न कापलेला पट्टा उरे, तीच त्या झाडाची बिजागरी. तो पट्टा एका अंगाला किंचित् जाड ठेवला तर पडतें झाड त्या अंगाला ओढलें जाई. हजार वर्षांच्या वृक्षाची दिशा अशी दोन-चार इंचांनीं बदलावयाची, या कसबाला दाद दिल्यावांचून राहवत नाहीं.

मग आंतून एक बारीक कडकड ऐकूं येई. त्या आवाजाला सगळे कान टवकारलेले असत. एकजण हांक देई, करवत तशीच टाकून दोघेहि आधींच मोकळ्या केलेल्या वाटेनें तिरपे पळत. शेंडा प्रथम संथपणें हलल्यासारखा दिसे. पुढच्या क्षणीं शेजारच्या झाडांच्या फांद्या मोडीत तें खालीं येई आणि पायांखालची भुई हादरे. धोका मात्र तेथें संपत नसे. बुंधा मागें उसळून माणसाला चिरडी. शेजाऱ्याच्या शेंड्यांत अडकलेली तुटकी फांदी कांहीं वेळानें निमूटपणें खालीं येई. निकाऊ नांवाच्या ताडाच्या झावळ्यांनीं शाकारलेल्या झोंपड्यांत राहणाऱ्या या माणसांना डॉक्टर जवळ नसे. जेथें पिढ्यान् पिढ्या ऊन पडलें नव्हतें, तेथें त्या दिवशीं ऊन पडे.

ओंडके हलविणें हा निराळाच व्याप होता. बैलांच्या लांबच लांब जोड्या, लांकडी सडका आणि हातानें फिरविण्याचे दंतुर जॅक यांनीं ते ओढ्यापर्यंत आणीत. तेथें लांकडी बांध घालून पाणी तुंबवीत. मग दार एकदम उघडलें कीं लोंढा शेंकडों ओंडके घेऊन खालीं धांवे. त्यांत पुष्कळ लांकूड फुटे, ओढ्याचे कांठ खरवडून निघत. १८८८ सालीं मेलबोर्नच्या भांडवलदारांनीं कौरी टिंबर कंपनी काढली, तेव्हांपासून या व्यवहाराला मोठ्या धंद्याचें रूप आलें. तोडीमागोमाग वणवे आले, वणव्यामागोमाग कुरणें. एके काळीं सुमारें १२ लाख हेक्टरांवर पसरलेल्या या अरण्याचा अगदीं अल्प अंश आज उरला आहे.

जें उरलें त्यांत वाइपुआचें अरण्य मुख्य. तेथेंहि तोड होऊं लागली तेव्हां प्राणिशास्त्रज्ञ विल्यम रॉय मॅकग्रेगर यांनीं चळवळ उभारली. हजारों नागरिकांनीं अर्जावर सह्या केल्या, आणि १९५२ सालीं सुमारें ९,००० हेक्टरांचें तें वन संरक्षित झालें. ताने माहुता हा ५१ मीटरांहून उंच आणि जवळजवळ १४ मीटर घेराचा कौरी तेथेंच उभा आहे.

आतां त्याला कुऱ्हाडीचें भय नाहीं. मातींतून पसरणारा एक सूक्ष्म जीव कौरीचीं मुळें कुजवितो, आणि त्यावर रामबाण औषध सांपडलेलें नाहीं. चिखलाच्या एका ढेकळांतूनहि तो जाऊं शकतो. म्हणून त्या वृक्षाच्या दर्शनाला जाणाऱ्यांना आधीं बुटांचे तळवे घासून, जंतुनाशकानें धुवून, मगच मुळांपासून उंच उचललेल्या फळ्यांच्या वाटेनें पुढें जावें लागतें.